नेपथ्यातील दुसरा मुखवटा : कलावंतांच्या चरित्रवाचनाविषयी काही विचार

१

कोपरगाव हे आमच्या पुणतांब्याच्या शेजारचे तालुक्याचे गाव. २०२३ साली तेथील बसस्थानकावर एक वृद्ध स्त्री लावणी गात अदा करीत असल्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. त्या शांताबाई कोपरगावकर होत्या. मुंबईच्या लालबागमधील हनुमान थिएटरपर्यंत एके काळी ज्यांचे नाव पोहोचले होते अशा त्या लावणी-कलावंत. चित्रीकरण पाहून लोक हळहळले, वृत्तपत्रांनी दखल घेतली, शिर्डीच्या एका वृद्धाश्रमात त्यांची सोय झाली आणि शासनाकडूनही मदतीचा हात पुढे आला. हे सर्व योग्यच झाले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

परंतु त्या दिवसांत या विषयावर जे जे छापून आले ते वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत होती. जवळजवळ प्रत्येक मजकुराची रचना दोन विधानांची होती. एके काळी त्यांनी रसिकांना वेड लावले होते, हे पहिले विधान. आज त्यांच्यावर ही वेळ आली आहे, हे दुसरे. या दोन विधानांच्या मध्ये काही दशकांचे एक आयुष्य होते. त्या आयुष्यात त्या कोणत्या फडांत होत्या, कोणाकडून काय शिकल्या, त्यांचे मोल कसे ठरत असे, त्यांच्या मिळकतीवर किती माणसे जगत होती आणि ती मिळकत कोणत्या टप्प्यावर व का थांबली, याविषयी फारच थोडे वाचायला मिळाले. शिखर दिसले, दरी दिसली. मधली वाट दिसली नाही.

ही उणीव केवळ वृत्तपत्रांची असती तर तिच्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण आपण, म्हणजे मराठीचे अध्यापक आणि संशोधक, कलावंतांची चरित्रे व आत्मकथने याच पद्धतीने वाचत आलो आहोत असे मला वाटते. रंगमंचावरील प्रतिमेमागचे ‘खरे आयुष्य’ शोधण्याचा आपला दावा असतो. प्रत्यक्षात आपण एक प्रतिमा बाजूला सारून तिच्या जागी दुसरी प्रतिमा बसवितो. पहिली मोहक असते, दुसरी दुःखी असते, एवढाच काय तो फरक. कलावंताची कारकीर्द, म्हणजे त्याचे काम, कौशल्य, करार आणि मिळकत, ही दोन्ही प्रतिमांच्या आड राहते.

‘नेपथ्य’ हा शब्द आज आपण देखाव्यांच्या अर्थाने वापरतो. संस्कृत नाट्यपरंपरेत त्याचा अर्थ नटाची वेशभूषा असाही आहे आणि ती वेशभूषा जेथे केली जाते ती पडद्यामागची जागा असाही आहे. पडद्यामागे सत्य असते आणि पडद्यापुढे सोंग, हा समज या शब्दाला मान्य नसावा. पडद्यामागची जागा ही सोंग घडविण्याची जागा आहे. ‘खऱ्या आयुष्या’च्या शोधात नेपथ्यात शिरणाऱ्या वाचकाने हे प्रथम लक्षात ठेवले पाहिजे.

२

दोन सुप्रसिद्ध हकिकती शेजारी ठेवून पाहू. पहिली बालगंधर्वांची. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणराव राजहंसांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी असताना त्यांनी तो होऊ दिला आणि भामिनीची भूमिका केली. दुसरी हकिकत विठाबाई नारायणगावकरांची. दिवस भरलेले असताना त्या वगात उभ्या होत्या. वेणा सुरू झाल्या तेव्हा त्या पडद्यामागे गेल्या, तेथे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. सांगणाऱ्यांगणिक या कथेचे तपशील थोडेफार बदलतात. गाभा मात्र हाच राहतो.

दोन्ही हकिकतींचे कथानक एकच आहे. घरातील जन्म किंवा मृत्यू बाजूला ठेवून कलावंत प्रेक्षकांसमोर उभा राहतो. असे असूनही मराठी मनाने त्यांचे अर्थ वेगवेगळे लावले. बालगंधर्वांची हकिकत आपण कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगतो. विठाबाईंची हकिकतही गौरवानेच सांगितली जाते, पण त्या गौरवात एक शहारा मिसळलेला असतो. ‘केवढे हे हाल’ असा उद्गार त्याच्या मागोमाग येतो. एकाच्या वाट्याला ‘निष्ठा’ हा शब्द येतो, दुसरीच्या वाट्याला ‘हाल’. यामागे जात आणि लिंगभाव आहेत हे उघड आहे. शिवाय नाटक कंपनी आणि तमाशाचा फड यांच्या सांस्कृतिक प्रतिष्ठेतील अंतरही आहे.

माझा मुद्दा याच्या पलीकडचा आहे. दोन्ही अर्थ त्या रात्रीच्या कामाच्या अटींविषयी मौन बाळगतात. ‘मानापमान’ची जाहिरात झालेली होती, मंडळीचा पैसा त्यात गुंतला होता, मंडळीच्या पगारावर अनेक माणसे पोसली जात होती. निर्णय नारायणरावांचा होता हे खरे; पण तो कशाच्या दबावाखाली व कोणत्या जबाबदारीतून घेतला गेला, हा प्रश्न ‘निष्ठा’ या शब्दाने मिटवून टाकला. विठाबाईंच्या बाबतीत तर विचारण्याजोगे प्रश्न कितीतरी आहेत. त्यांची भूमिका करणारी दुसरी बाई फडात होती काय? नसल्यास का नव्हती? खेळ मोडला असता तर गावाने ठरलेली सुपारी दिली असती काय? दिवस भरेपर्यंत काम करावे लागणे हा फडातील रिवाज होता की त्या वर्षीची अडचण? ‘केवढे हे हाल’ म्हणणारा वाचक यांपैकी एकही प्रश्न विचारीत नाही. हळहळ व्यक्त झाली की चौकशी संपते.

विठाबाई १९३५ मध्ये पंढरपूर येथे जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फडात त्या वाढल्या. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. २००२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले तेव्हा रुग्णालयाच्या खर्चासाठी मदत गोळा करावी लागली, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. प्रसूतीची कथा, राष्ट्रपतींचा सन्मान आणि अखेरची विपन्नावस्था या तीन बिंदूंनी त्यांची प्रतिमा पूर्ण होते. पण पिढीजात फडाचा कारभार बाईने चालविणे म्हणजे काय, वग बसविणे, माणसे सांभाळणे, हिशेब ठेवणे, स्पर्धक फडांशी व्यवहार करणे म्हणजे काय, हे या तीन बिंदूंच्या रेषेत कोठेच बसत नाही. योगिराज बागूल यांच्यासारख्या चरित्रकाराने ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ लिहून बरीच सामग्री उपलब्ध करून दिली. तरीही वर्गात आपण सांगतो ती दगडाची आणि नाळेचीच गोष्ट. मीही वर्षानुवर्षे तीच सांगत आलो आहे.

३

आता एका ग्रंथाकडे वळू. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते ‘माणूस’ साप्ताहिकातून वाचकांसमोर आले होते. बाईंनी सांगितले आणि अरुण साधूंनी शब्दबद्ध केले, अशी त्याची निर्मिती आहे. बाई १९७१ मध्ये वारल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनाच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला आणि स्मिता पाटील यांना त्यातील अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीतील नटींच्या आत्मकथनांत एवढे वाचले गेलेले दुसरे पुस्तक दाखविणे कठीण आहे.

या पुस्तकाचे नावच विचार करायला लावणारे आहे. ‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला १९५९ चा तमाशापट. तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला आणि हंसाबाईंची त्यातील तमासगिरिणीची भूमिका लोकांच्या मनात ठसली. म्हणजे ज्या शब्दांनी ही स्त्री आपल्या खऱ्या आयुष्याविषयी बोलू लागते, ते शब्द तिला एका चित्रपटाने दिलेले आहेत. ‘मी’ची ग्वाही देणारे शीर्षकही भूमिकेतून आलेले आहे. तिचे नावही असेच आहे. रतन साळगावकर ही मुलगी १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटापासून हंसा वाडकर झाली. वय तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असेल.

पुढच्या पाच-सहा वर्षांत ती बॉम्बे टॉकीजमध्ये काम करून प्रभातमध्ये आली आणि १९४१ च्या ‘संत सखू’त सखू झाली. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’त तीच बया झाली. छळ सोसणारी संत स्त्री आणि फडावर नाचणारी तमासगिरीण ही मराठी प्रेक्षकांच्या मनातील स्त्रीप्रतिमेची दोन टोके; या एकाच नटीने दोन्ही साकार केली. हे कौशल्य कसे कमावले गेले, हा अभिनयाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. आपण मात्र हे पुस्तक काढतो ते दारू, पती बांदरकर यांच्याशी झालेला विसंवाद, घर सोडून जाणे आणि परत येणे, अपमान व अत्याचार यांसाठी. परीक्षेतील प्रश्नही ‘हंसा वाडकर यांच्या आत्मकथनातून व्यक्त होणारी स्त्रीची शोकांतिका’ अशाच वळणाचे असतात.

वास्तविक या पुस्तकाचा कणा कामाचा आहे. घरातील माणसे मुलीच्या मिळकतीवर अवलंबून आहेत म्हणून ती शाळेच्या वयात चित्रपटात येते. लग्नानंतर तिला संसार करायचा आहे, पण तिचे काम थांबणे घराला परवडणारे नाही आणि पुढचे चित्रपट तिच्या वतीने स्वीकारले जात राहतात. ज्याला आपण वैवाहिक विसंवाद म्हणतो, त्याच्या मुळाशी तिच्या श्रमावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न आहे. पतीच व्यवस्थापक असतो तेव्हा संसारातील भांडण आणि व्यवसायातील भांडण वेगळे करता येत नाही. हे वाचन बाईंचे दुःख कमी करीत नाही. उलट ते दुःख कोठून आले हे दाखविते.

येथे शब्दांकनाचा मुद्दा टाळता येणार नाही. पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठविला आणि त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, ही कथा आमच्या गावी लहान मुलांनाही ठाऊक असते. आज चांगदेव आपल्याला माहीत आहेत ते त्या उत्तरातून आणि चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला योगी या आख्यायिकेतून. त्यांचा कागद कोराच राहिला आहे. शब्दांकित आत्मकथने वाचताना मला या कागदाची आठवण होते. हंसाबाईंचा कागद कोरा नव्हता, त्या बोलल्या होत्या, आणि साधूंसारखा जाणता लेखक त्यांना लाभला हे त्यांचे व आपले भाग्य. पण कोणता प्रश्न विचारल्यावर कोणती आठवण आली, कोणत्या आठवणीवर लेखणी थांबली आणि कोणती वाक्यात आलीच नाही, याचा विचार आपण करीत नाही. साप्ताहिकाच्या वाचकाला काय ऐकायचे आहे, याचे भान सांगणारीलाही असते आणि लिहिणाऱ्यालाही. पडद्यावर तीस वर्षे काढलेल्या नटीला प्रेक्षक कळत नसेल असे मानणे हा तिच्या व्यवसायाचा अपमान होईल.

याच्या उलट संगीत रंगभूमीवरील पुरुषांकडे पाहा. गणपतराव बोडस यांची ‘माझी भूमिका’ आणि गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा जीवनविहार’ ही त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तके आहेत. १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणारे हे दोघे भागीदार. कंपन्यांचे कारभार, भागीदारी, मतभेद, तालमी यांविषयी त्यांनी स्वाभाविकपणे लिहिले. त्यांना आपण नाट्येतिहासाची साधने मानतो आणि नटीच्या आत्मकथनाला मानवी दस्तऐवज म्हणतो. ही विभागणी तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

४

तमाशातील स्त्रीच्या वाट्याला तर शब्दांकनकारही क्वचितच आला. आमच्याच जिल्ह्यातील, संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा हे याचे ठळक उदाहरण. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी मराठी तमाशाच्या इतिहासात अजरामर झाली. बापूरावांच्या लावण्या उरल्या. त्यांच्यावर लेख, ग्रंथ, प्रबंध झाले. कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा घरदार सोडून तमाशात गेला, ही कथा त्यांच्या चरित्राला नाट्य देते. पवळा त्या कथेत सौंदर्य म्हणून येते, मोह म्हणून येते, फार तर वियोग म्हणून येते. ती दलित समाजातील होती, फडाचे आकर्षण ती होती आणि फडाची मिळकत तिच्यावर अवलंबून होती, हे सारे माहीत असूनही तिचा स्वतःचा शब्द आपल्याजवळ नाही. शैलजा पाईक यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने पवळेला अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. जात, लैंगिकता आणि तमाशाची अर्थव्यवस्था यांची गुंतागुंत त्यात मांडली आहे. मराठी विभागांत त्या ग्रंथाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी अद्याप झालेली नाही.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे या संदर्भात वेगळे पुस्तक आहे. नाचणाऱ्या स्त्रीचा मुलगा येथे लिहितो आणि वडिलांच्या जागी आईचे नाव लावतो. हे पुस्तक आल्यापासून आपण ते वेदनेचा उद्गार म्हणून वाचत आलो. पण त्याच्या पानापानांवर घरखर्चाचा हिशेब आहे. नाचणाऱ्या मुलीच्या पैशावर घरातील कर्ती पुरुषमाणसे बसून खातात, मुलीने शिकू नये यात घराचे हित असते, आणि एखाद्या धनिकाने तिचा ‘चिरा’ उतरविला की तिच्या नाचण्याचा, म्हणजेच तिच्या व्यवसायाचा, निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो. आई, मुलगा आणि पैसा यांचा हा त्रिकोण लक्षात न घेता केलेले या पुस्तकाचे भावपूर्ण वाचन अपुरे आहे.

कारकीर्द पाहायची तर कशी पाहायची, याचे उत्तर फडाच्या व्यवहारातच मिळते. ढोलकी-फडाचा हंगाम साधारणतः दसऱ्याला सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो. आधीचे महिने कनातीत तिकिटावर खेळ होतात, चैत्रापासून गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या असतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि तेथे येऊन गावोगावचे पंच खेळ ठरवितात. रात्रीच्या खेळानंतर अनेक ठिकाणी सकाळी हजेरीचा कार्यक्रम करावा लागतो आणि लगेच ट्रक भरून पुढचे गाव गाठायचे असते. कलावंताने हंगामापूर्वी मालकाकडून ‘उचल’ घेतलेली असते, ती कामातून फेडायची असते. पावसाळ्यातील रिकाम्या महिन्यांत पुन्हा उचल घ्यावी लागते. मालकही सावकाराचे पैसे वापरीत असतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे यात्रा बंद राहिल्या तेव्हा या साखळीतील प्रत्येक दुवा तुटला. लावणीतील शृंगार, बतावणीतील हजरजबाबीपणा, वगातील लांबण हे सर्व या वेळापत्रकात आणि या कर्जात घडत असते. रात्र किती मोठी आहे, प्रेक्षक तिकिटाचा आहे की यात्रेचा, यावर वगाची लांबी ठरते. साहित्याच्या अभ्यासकाला हे बाह्य तपशील वाटू नयेत. संहितेचे रूपच त्यांनी निश्चित केलेले असते.

याच व्यवहारात कांताबाई सातारकर पन्नासहून अधिक वर्षे वावरल्या. त्यांचे पती, नामवंत तमाशा-कलावंत तुकाराम खेडकर १९६४ मध्ये वारले. त्यानंतर पदरी मुले असताना काही वर्षांत त्यांनी स्वतःचा फड उभा केला, संगमनेर हे त्याचे ठाणे केले आणि मुलगा रघुवीर खेडकर यांच्या हाती तो सोपविला. स्त्रीभूमिकांबरोबर पुरुषभूमिकाही त्यांनी गाजविल्या. मे २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्राला ‘विधवेचा संघर्ष’ हे शीर्षक सहज देता येईल आणि ते चुकीचेही ठरणार नाही. पण शेकडो मुक्काम, कैक माणसांचे पगार आणि बदलत्या रुचीचा प्रेक्षक सांभाळीत एक संस्था अर्धशतक चालविणे हे केवळ संघर्षाचे नाही, बुद्धीचेही काम आहे. साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्था चालविणाऱ्या पुरुषाच्या चरित्रात आपण ज्याला ‘कर्तृत्व’ म्हणतो, त्यालाच तमाशातील स्त्रीच्या चरित्रात ‘सोसणे’ का म्हणतो?

५

हे लिहिताना माझ्या एका चुकीची कबुली द्यायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी गोदाकाठच्या एका गावातील वृद्ध तमाशा-कलावंत स्त्रीच्या मुलाखती घेतल्या. आजींनी त्याला भरभरून सांगितले, पण ते त्यांच्या रीतीने. कोणत्या साली कोणत्या फडात होते, चैत्रात कोणत्या यात्रेनंतर कोणती यात्रा येई, उचल किती होती व ती कशी फिटली, नाचकाम सोडून ‘मावशी’ची कामे केव्हा धरली, असा सगळा तपशील. विद्यार्थ्याने त्यावर ‘हिशेब’ नावाचे एक प्रकरण लिहिले. मी ते काढून टाकायला लावले. हा मजकूर वाङ्मयीन नाही, त्यात बाईंचे आयुष्य कोठे आहे, असे मी त्याला विचारले. तो पुन्हा गेला आणि त्याने त्यांना दुःखाविषयी विचारले. तेव्हा आजी हसल्या. रडणे ऐकायचे असेल तर ते आपण वगात रोज रडत होतो, असे त्या म्हणाल्याचे त्याने मला येऊन सांगितले. त्या उत्तराचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. प्रबंधिकेला उत्तम गुण मिळाले.

पुढे आजींनी कलावंतांसाठीच्या मानधनाकरिता अर्ज केला. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे आणि तिच्यासाठी कलाक्षेत्रातील पंधरा वर्षांच्या कामाचे पुरावे द्यावे लागतात. फडातील बाईजवळ कसले पुरावे असणार? हँडबिलांवर मालकाचे नाव असते, करार तोंडी असतात. अर्ज दोनदा परत आला. तेव्हा त्या विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधिकेची आठवण झाली. आम्ही विभागाच्या कपाटातून ती काढली. तिच्यात आजींच्या दुःखावर चाळीस पाने होती. त्या कोणत्या साली कोणत्या फडात होत्या, याची एकही ओळ नव्हती. काढून टाकलेल्या प्रकरणाचे कागद विद्यार्थ्याजवळ उरले नव्हते. अखेर एका जुन्या फडमालकाच्या पत्रावर तिसऱ्या वेळी अर्ज मंजूर झाला. माझ्या विभागाचा त्यात काही वाटा नाही.

मी जे वाङ्मयबाह्य म्हणून कापले ते त्या बाईंच्या लेखी आयुष्यच होते. स्वतःचे चरित्र कोणत्या क्रमाने व कोणत्या तपशिलांनी सांगावे, याचा त्यांनी घेतलेला निर्णय मी मोडून काढला आणि माझ्या ओळखीची शोकात्म चौकट त्यावर लादली. साहित्याच्या अभ्यासकाला निवेदकाची निवड कळली नाही, तर आणखी काय कळायचे?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशाने साहित्याचा अभ्यास हिशेबवह्यांचा अभ्यास होईल. मला तसे वाटत नाही. सालांऐवजी फडांच्या नावांनी काळ मोजणे, गावांऐवजी यात्रांनी भूगोल सांगणे, सुखदुःखांऐवजी उचल आणि फेड यांनी आयुष्याचे टप्पे पाडणे, ही निवेदनाची एक स्वतंत्र रीत आहे. ‘स्मृतिचित्रे’ची किंवा ‘बलुतं’ची रचना आपण ज्या आस्थेने उलगडतो, त्याच आस्थेने हीही उलगडली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुःखावरचे लक्ष काढून घेणे म्हणजे शोषणावर पांघरूण घालणे नव्हे काय? माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दुःख एकट्या व्यक्तीचे दैव म्हणून सांगितले की शोषण दिसेनासे होते. उचल, सुपारी, चिरा, पतीने स्वीकारलेला करार यांची नावे घेतली की ते कोणी, केव्हा आणि कसे केले हे दिसू लागते.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शब्दांकित आत्मकथनांचा अभ्यास करताना शब्दांकनकाराला दुसरा निवेदक मानावे आणि शक्य तेथे मूळ टिपणे व ध्वनिमुद्रणे जतन करावीत. कलावंताच्या मुलाखतीला जाताना दुःखाची प्रश्नावली घेऊन जाऊ नये. कामाविषयी विचारावे आणि सांगणाऱ्याचा क्रम मोडू नये. आणि अशा प्रत्येक प्रबंधिकेच्या शेवटी कलावंताच्या कारकिर्दीचा सालवार तक्ता जोडावा व त्याची एक प्रत त्या कलावंताच्या हाती द्यावी. हे तिसरे काम संशोधनाच्या रूढ व्याख्येत बसत नसेल, तर ती व्याख्या थोडी सैल करायला हरकत नाही.

आमच्या भागातील यात्रांचा हंगाम दर वर्षी येतो. फड येतात, खेळ होतात, पहाटे ट्रक निघून जातात. ज्यांनी आयुष्यभर या ट्रकांतून प्रवास केला अशी माणसे प्रत्येक महाविद्यालयाच्या पंचक्रोशीत आहेत आणि ती बोलायला तयार आहेत. ती काय सांगतात ते ऐकण्याआधीच आपण त्यांची शोकांतिका लिहून ठेवू नये, एवढेच या लेखाचे मागणे आहे.